'आय, डॅनियल ब्लेक' : प्रथमपुरुषाचे अपील

केन लोच दिग्दर्शित व पॉल लॅव्हर्टी लिखित 'आय, डॅनियल ब्लेक' (२०१६) ह्या इंग्रजी चित्रपटाचा आरंभ काळ्या पडद्यावर होतो. ऐकू येतात ते केवळ दोन आवाज. एक आवाज छापील प्रश्नावली वाचीत आहे : मदतीवाचून पन्नास मीटर चालता येते काय, टोपी घालावयास हात डोक्यापर्यंत जातो काय. दुसरा आवाज न्यूकॅसल येथील एकोणसाठ वर्षांच्या सुताराचा आहे. त्यास बोलावयाचे आहे ते आपल्या हृदयाविषयी. आणि हृदय प्रश्नावलीत नाही. कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळविलेल्या ह्या कृतीची चर्चा बहुधा प्रचार की वास्तव, ह्याच अंगाने झाली. तिचा खरा विषय, म्हणजे कार्यालयाच्या भाषेत 'मी' ह्या सर्वनामास जागा आहे की नाही हा प्रश्न, त्या चर्चेत मागे पडला.

कथेचे कोडे शासकीय नियमांतूनच निर्माण झाले आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी डॅनियलला काम मना केले आहे. परंतु क्षमता-चाचणीत आवश्यक ते पंधरा गुण न भरल्याने त्याचा आजारपणाचा भत्ता बंद होतो. अपील करावे, तर २०१३ पासून त्यापूर्वी 'अनिवार्य पुनर्विचार' ही पायरी घालण्यात आली होती. अपील दाखल झाल्यावर मूळ दराने भत्ता मिळू शके. पुनर्विचाराच्या काळात मात्र काहीच नाही, आणि तो किती दिवसांत उरकावा ह्याचे खात्यावर बंधनही नव्हते. चित्रपटाने ही पोकळी फुगवून दाखविली असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, २०२० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने अशा दावेदारांवरील ही सक्ती बेकायदेशीर ठरविली.

मधल्या काळात पोट भरण्यासाठी डॅनियलने बेकारांच्या भत्त्याचा अर्ज करावा, असे त्यास सांगण्यात येते. येथे नावाचा इतिहास बोलका आहे. ब्रिटनमधील 'बेकारी भत्ता' १९९६ मध्ये जाऊन त्याच्या जागी 'काम शोधणाऱ्याचा भत्ता' आला. बेकारी ही अवस्था होय. ती एकदा सिद्ध केली म्हणजे पुरे. शोधणे ही क्रिया होय. ती रोज करून दाखवावी लागते, आठवड्यास ३५ तास, पुराव्यासह. जे काम मिळाल्यास स्वीकारता येणार नाही ते डॅनियल दारोदार मागत फिरतो. आणि एक मालक खरोखरच काम देऊ करतो तेव्हा नकार देताना त्यास खोटे ठरावे लागते. चित्रपटातील हा सर्वांत क्रूर प्रसंग आहे, आणि त्यात एकही दुष्ट मनुष्य नाही.

'निर्णयकर्ता' ह्या शब्दाची योजनाही अशीच मार्मिक आहे. त्याचा दूरध्वनी आधी यावयाचा व पत्र मागाहून. प्रत्यक्षात पत्र आधी येते, आणि दूरध्वनी आल्यावाचून पुनर्विचार मागता येत नाही. हा कर्ता व्याकरणापुरताच आहे. पडद्यावर त्याचे तोंड कधीच दिसत नाही. म्हणून डॅनियल कार्यालयाच्या भिंतीवर रंगाने लिहितो तेव्हा प्रथम स्वतःचे नाव लिहितो, आणि मग उपासमार होण्याच्या आत अपिलाची तारीख मागतो. अर्जाचे सर्व घटक ह्या वाक्यात आहेत. नाही तो फक्त नमुना क्रमांक.

कृती निर्दोष नाही. लंडनहून आलेल्या केटीची अन्नछत्रातील भूक मनात रुतून बसते. पुढे तिला देहविक्रयापर्यंत नेणे मात्र पटकथेच्या सोयीचे वाटते. कार्यालयातील एक सहृदय व बाकीच्या कठोर ही विभागणीही ढोबळ आहे. अखेरचा आक्षेप अधिक गंभीर आहे. अपिलाच्या दिवशी, सुनावणीच्या तोंडावरच डॅनियल मरतो, आणि तेथे वाचण्यासाठी लिहिलेले त्याचे निवेदन केटी अंत्यविधीत वाचते. कार्यालयाने चिकटविलेली एकेक नामे तो त्यात नाकारतो, हे त्याच्या स्वभावास धरून आहे. परंतु चित्रपटभर थट्टेखोर व तुटक बोलणाऱ्या सुताराची वाक्ये येथे एकाएकी तोलून मापून येतात, आणि ऐकणारे न्यायमंडळ नसून प्रेक्षक असल्याने युक्तिवादाचे भाषण होते. तो कागद पेन्सिलीने लिहिलेला आहे, एवढीच काय ती डॅनियलची खूण त्यावर उरते.