गजलक्ष्मी सोम, गजलक्ष्मी मंगळ: सरकारी लॉटरीचं बारसं

मंडळी, सरकार वर्षभरात कितीतरी कागद छापतं. राजपत्रं, परिपत्रकं, अंदाजपत्रकाची जाडजूड पुस्तकं. पण लोक अक्षर न् अक्षर वाचतात असा सरकारी कागद एकच, लॉटरीचं तिकीट. जळगावच्या बसस्टँडसमोर म्हणा, धुळ्यात आग्रा रोडला म्हणा, टपरीवर निकालाचा कागद लागला की माणसं ज्या एकाग्रतेने तो वाचतात, तसं आम्हा लिहिणाऱ्यांचं कुणी वाचत नाही. ‘आज काय निंघनं भो?’ एवढ्या चार शब्दांत त्यांची समीक्षा आटोपते. तर आज आपण त्या कागदाकडे वाङ्मय म्हणून बघू. खालचे आकडे सोडून देऊ, त्यांच्याकडे बघणारे पुष्कळ आहेत. आपण वर छापलेलं नाव वाचू.

महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या गेल्या काही वर्षांतल्या सोडतींची नावं ऐका: गणेशलक्ष्मी, सागरलक्ष्मी, वैभवलक्ष्मी, तेजस्विनी, आकर्षक पुष्कराज. आणि मग एक मालिका: गजलक्ष्मी सोम, गजलक्ष्मी मंगळ, गजलक्ष्मी बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आम्हाला हसू आलं. गजलक्ष्मी आपण ओळखतो, दोन्ही बाजूंनी हत्ती पाणी घालताहेत अशी देवळाच्या दारावरची लक्ष्मी. तिला वार कुणी चिकटवले? पण नीट बघितल्यावर लक्षात आलं की त्या सात नावांमध्ये या सगळ्या धंद्याची गोष्ट आहे.

झालंय असं. 1998 साली संसदेने लॉटरी विनियमन कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमात अटी आहेत. तिकिटावर राज्याची खूण हवी, सोडत राज्याने स्वतः काढावी, ती राज्यातच काढावी, कुणी न नेलेलं बक्षीस सरकारजमा व्हावं. बंपर सोडती वर्षाला सहाच्या वर नकोत. आणि एक अट अशी की कुठल्याही लॉटरीची आठवड्यात एकाहून जास्त सोडत नको. ही अट घालणाऱ्यांच्या मनात काय असेल हे समजायला वकील लागत नाही. माणसाने आज हरल्यावर उद्या लगेच तिथे उभं राहू नये, मध्ये सहा दिवस जावेत, डोकं थंड व्हावं, घरात दोन दिवसांचा किराणा भरला जावा.

आता आठवड्याला एकच सोडत असेल आणि तुम्हाला रोज काढायची असेल, तर काय कराल? सात नावं ठेवाल. सोमची वेगळी, मंगळची वेगळी. प्रत्येकीची आठवड्याला एकच सोडत, आणि टपरीवर मात्र रोज निकाल. आम्ही याला बेकायदा म्हणत नाही, एका राज्याने अनेक योजना चालवायला जागा ठेवलेली आहे. पण त्याच कायद्याने लॉटरीची व्याख्या करताना म्हटलंय की योजना कुठल्याही रूपात असो, कुठल्याही नावाने ओळखली जावो, ती लॉटरीच. म्हणजे नावाला भुलू नका असं कायदा व्याख्येत सांगतो, आणि दोन पानांनंतर सगळं नावावर येऊन उभं राहतं. कुंपण घातलं संसदेने आणि ते ओलांडायला शिडी झाली लक्ष्मीची.

कुंपणाची गोष्ट खानदेशात सांगायला लागू नये. आपल्याकडे आखाजीला पत्ते खेळतात. अक्षय्य तृतीयेला बाहेरचा माणूस सोनं घेतो, आपल्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, सालदाराचं नवं साल ठरतं, आणि पुरुषमंडळी ओट्यावर, मळ्यात, झाडाखाली पैसे लावून पत्त्याला बसतात. त्यात लोक बुडालेही आहेत, पोलिसांच्या धाडीही पडतात. ती प्रथा चांगली असं आम्ही म्हणत नाही. पण तिची घडण बघा. ठरावीक दिवस. समोर ओळखीची तोंडं. कोण किती हरला हे सगळ्या गल्लीला माहीत. हरलेला पैसा गावातच कुणाच्या तरी खिशात. आणि आखाजी संपली की डाव मोडायचा, कारण सालदाराला कामावर जायचंय. या जुगाराला जुगारच म्हणतात. आजीसुद्धा म्हणायची, ‘जुगारले बठना’. त्याला कुणी गजलक्ष्मी म्हटलं नाही.

वैभवलक्ष्मीचंही तेच. बायका तिचं शुक्रवारचं व्रत करतात. अकरा शुक्रवार, नाहीतर एकवीस. मग उद्यापन करायचं, पुस्तकं वाटायची, झालं. ज्या देवीच्या नावाने तिकीट काढलं तिच्या व्रतालासुद्धा शेवट आहे. तिकिटाला उद्यापन नाही.

आता थोडं मागे जाऊ. सरकार या धंद्यात आलं का? राज्य लॉटरी सुरू झाली 12 एप्रिल 1969 ला. उद्देश असा सांगितला गेला की लोकांना मटक्यासारख्या बेकायदा जुगारापासून वाचवायचं. मटक्याचं मूळ बघितलं तर आपल्या खानदेशी माणसाने कान टवकारावेत असं आहे, कारण ते कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडायचा आणि बंद व्हायचा, ते आकडे तारेने मुंबईच्या कापूस बाजारात यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. आकडा हा शब्द तिथला, ओपन आणि क्लोज हे शब्दही तिथले. 1961 मध्ये ते आकडे येणं थांबलं, तेव्हा कल्याणजी भगत आणि नंतर रतन खत्री यांनी मडक्यातून चिठ्ठ्या आणि मग पत्ते काढायला सुरुवात केली. म्हणजे आमच्या कपाशीवाल्याने बोंडअळी, पाऊस आणि भाव असा तिहेरी जुगार शेतात खेळायचा, आणि शहरात त्याच कापसाच्या भावावर दुसऱ्याने आकडा लावायचा. दोन्हीकडे ओपन कुणाच्या हातात नव्हता, क्लोजही नव्हता.

1969 च्या आधी बारा वर्षं आणखी एक गंमत झाली. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात पैसे भरून सोडवायची शब्दकोडी यायची. मुंबई सरकारने त्यावर कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. चमारबागवाला खटला म्हणतात तो, निकाल 1957 चा. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्या निकालात ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून महाभारत, मनू असा सगळा दाखला दिला आणि सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्याला व्यापाराचं स्वातंत्र्य मिळणार नाही. जिंकलं कोण? मुंबई सरकार. त्याच सरकारचा वारसदार असलेल्या महाराष्ट्र सरकारने बारा वर्षांनी स्वतःची सोडत काढली. 1999 मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की राज्याने चालवली म्हणून लॉटरीतला जुगार जात नाही. म्हणजे न्यायालयाच्या लेखी हा जुगार. जीएसटी परिषदेच्या लेखी 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के कराची वस्तू, चैनीच्या आणि घातक मालाच्या रांगेत. आयकराच्या लेखी दहा हजारांवरचं बक्षीस असेल तर तीस टक्के आधीच कापून घ्यायची मिळकत. आणि तिकिटावर? लक्ष्मी.

यावर कळस म्हणजे खात्याचं नाव. आपल्याकडे लॉटरी ज्यांच्याकडे आहे त्या अधिकाऱ्याचं पद आहे ‘आयुक्त, अल्पबचत व राज्य लॉटरी’. एकाच दारावर एकाच पाटीत दोन्ही. अल्पबचत म्हणते दहा रुपये ठेव. लॉटरी म्हणते तेच दहा रुपये लाव. ही पाटी कुण्या विनोदी लेखकाने लिहिली असती तर आम्ही अतिशयोक्ती म्हणून कापली असती.

नाव बदलून धंदा सावरायचा उद्योग फक्त आपलाच नाही. ब्रिटनमध्ये नॅशनल लॉटरी 1994 ला सुरू झाली, पुढे विक्री घसरायला लागली, तेव्हा 2002 मध्ये मुख्य सोडतीचं नाव ‘लोट्टो’ केलं, नवी जाहिरात आली. आपल्याकडे सिक्कीम सरकारची ऑनलाइन लॉटरी ‘प्लेविन’ या नावाने गल्लोगल्ली पोचली. खेळणाऱ्या कितीजणांना ती सिक्कीमची आहे हे ठाऊक होतं, विचारून बघा. पण सगळ्यात ताजं आणि शिकण्यासारखं उदाहरण केरळचं. देशातली पहिली सरकारी लॉटरी त्यांची, 1967 ची. 2025 मध्ये त्यांनी आठवड्याच्या चार सोडतींची नावं बदलली. अक्षयाची झाली समृद्धी, विन-विनची भाग्यतारा, फिफ्टी-फिफ्टीची धनलक्ष्मी, निर्मलची सुवर्ण केरळम्. त्याच वेळी चाळीस रुपयांचं तिकीट पन्नास रुपयांचं झालं आणि पहिलं बक्षीस एक कोटीचं.

फिफ्टी-फिफ्टी हे नाव गेलं याचा आम्हाला आनंद आहे. ज्या खेळात लाखांत एकाला मोठं बक्षीस, त्याला निम्मी-निम्मी शक्यता सुचवणारं नाव म्हणजे उघड थाप होती. पण तिच्या जागी धनलक्ष्मी आली, म्हणजे थाप गेली आणि धूप आला. शक्यतेबद्दल खोटं बोलण्याऐवजी शक्यतेबद्दल बोलायचंच नाही, असा तो बदल. आमच्या मते नवं नाव जुन्यापेक्षा हुशार आहे, प्रामाणिक नाही. तरी त्याच केरळात ‘कारुण्य’ नावाची सोडत आहे. 2011 मध्ये गरीब रुग्णांच्या उपचारासाठी पैसा उभा करायला ती काढली. हे नाव वेगळ्या जातीचं आहे बरं का. पैसा कुठे जातो ते ते सांगतं. हरलेल्या माणसाला निदान एवढं तरी म्हणता येतं की कुणाच्या तरी डायलिसिसला गेले. आपली सगळी नावं मला काय मिळेल एवढंच बोलतात. माझ्याकडून गेलेल्याचं काय झालं, यावर एकही नाव बोलत नाही.

आता थोडा हिशेब करू, म्हणजे आम्ही नुसती शब्दांची सोलकढी करतोय असं वाटायला नको. समजा तिकिटाचे शेवटचे चार आकडे जुळले तर बक्षीस. 0000 ते 9999, दहा हजार शक्यता. आठवड्याला एक तिकीट घेतलं तर सरासरीने दहा हजार आठवडे, म्हणजे साधारण 192 वर्षं. रोज एक घेतलं तर 27 वर्षं. फरक बघा. 192 वर्षं ऐकल्यावर हमाल असो की मास्तर, हसून पुढे जाईल. 27 वर्षं म्हटलं की वाटतं, आयुष्यात बसतंय की. सोम ते रवीची जादू ही आहे. नशीब तेवढंच राहतं, फक्त जवळ आल्यासारखं दिसतं. आणि तिकीट दहा रुपयांचं धरलं तर त्या 27 वर्षांत एक लाख रुपये गेलेले असतात.

याच्या विरोधात एक मुद्दा नेहमी येतो आणि तो हलका नाही. लॉटरी बंद करा म्हणालात तर माणूस खेळायचा थांबतो का? तो मटक्याकडे जाईल, मोबाइलवर जाईल, आणि तिथे ना सोडत पारदर्शक ना बक्षिसाची हमी. शिवाय तिकीट विकून पोट भरणारे आहेत, त्यांत उभं राहून दुसरं काम न जमणारेही आहेत. हे आम्हाला मान्य आहे. खाजगी ऑनलाइन लॉटरीच्या नावाखाली आपल्या तालुक्यांतून काय काय चाललं ते इथल्या लोकांनी पाहिलंय. सरकारी तिकिटाला निदान राजमुद्रेचा आधार आहे. पण मग त्या राजमुद्रेनेच बोलायला हवं ना? मटकावाला लक्ष्मीचं नाव घेत नाही, तो आकडा म्हणतो आणि आकडाच विकतो. मटक्याला पर्याय म्हणून उभं राहिलेलं सरकार मटक्यापेक्षा जास्त गोड बोलतं, हा आमचा आक्षेप आहे.

नावाने आतला माल बदलत नाही हे आपल्या जिल्ह्यांना चांगलं माहीत आहे. 1906 मध्ये एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम झाले, 1960 नंतर पूर्वचं जळगाव आणि पश्चिमचं धुळे झालं, 1998 मध्ये नंदुरबार वेगळं निघालं. अहिराणी तीच, भरीत तेच. फक्त जिल्ह्याचं नाव बदलल्याने कुणाचा खिसा रिकामा झाला नाही. इथे होतो.

2025 मध्ये राज्य लॉटरीचा अभ्यास करायला सुधीर मुनगंटीवार यांच्या अध्यक्षतेखाली आमदारांची समिती नेमली गेली. अशा समितीपुढे उत्पन्न कसं वाढेल हा प्रश्न येणार, आणि उत्पन्न वाढवायचं म्हटलं की कुणीतरी नवं नाव, नवं चित्र, नवी जाहिरात सुचवणारच. आमची सूचना नावाबद्दलच आहे, स्वस्तातली आहे. तिकिटाच्या दर्शनी बाजूला, लक्ष्मी जेवढ्या अक्षरात छापता तेवढ्याच अक्षरात, दोन ओळी छापा. किती तिकिटं छापली आणि पहिलं बक्षीस किती. या तिकिटाच्या दहा रुपयांतले बक्षिसाला किती, विक्रेत्याला किती, कराला किती, राज्याच्या कुठल्या कामाला किती. मराठीत, आकड्यांत. आणि सात वारांच्या सात सोडतींना एकच सोडत समजून त्यांची आठवड्याला एक करा. नाव मग काय हवं ते ठेवा. कानबाई तेवढी ठेवू नका, श्रावणातल्या रविवारी ती आमच्या घरी येते आणि पैशाचं काही बोलत नाही.

आमचं एवढंच. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या भाऊंचा हात हिशेब सुरू झाल्यापासून वर आहे, आधी त्यांना माइक द्या.