ती पायऱ्यांची आकृती

ध्वनिमुद्रणाचा विषय निघाला की एक आकृती हमखास पुढे येते. डावीकडे डौलदार तरंग, त्याखाली ‘ॲनालॉग’. उजवीकडे तोच तरंग जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा, त्याखाली ‘डिजिटल’. काढायला सोपी, मुलांच्या लक्षात राहणारी. तरीही ती फळ्यावर काढू नये असे आमचे मत आहे. तिच्यावरून मुले दोन समज करून घेतात : डिजिटल आवाज तुटक असतो आणि ॲनालॉगमध्ये काहीच सुटत नाही. दोन्ही चुकीचे.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे उदाहरण घेऊ. तिच्यासाठी ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पातळ्यांपैकी जवळच्या पातळीवर बसवतात. म्हणजे नोंद होते ती सुट्या बिंदूंची. दोन बिंदूंमध्ये सपाट पायरी आहे असे ती नोंद कुठेच सांगत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात मांडलेला सिद्धांत असा, की लहरीतील सर्वांत मोठ्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या बिंदूंतून जाणारी आणि त्या मर्यादेत बसणारी लहर एकच असते. वाजवताना सुमारे २२,००० हर्ट्झच्या वरची कंपने गाळली जातात आणि तीच लहर पुन्हा मिळते, सलग. आपला कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. मापे जवळच्या पातळीवर बसवताना जी चूक होते, ती अतिशय मंद खरखरीच्या रूपाने उरते.

खरखर तर ॲनालॉगमध्येही असते, आणि अधिक असते. तबकडीची खाच सलग दिसते खरी. पण तिचे चढउतार खरखरीपेक्षा लहान झाले की ते असून नसल्यासारखेच. चांगल्या एलपीवर मोठ्यात मोठा आवाज आणि खरखर यांत सुमारे ७० डेसिबलचे अंतर मिळते. एका बिटला ६ डेसिबल या हिशेबाने हे जेमतेम १२ बिट झाले. सीडीवर १६ असतात. ध्वनिफितीची गंमत तर आणखीच. तिच्यावरील लोह ऑक्साइडचा प्रत्येक सुईसारखा कण दोनपैकी एकाच दिशेने चुंबकित राहतो. ‘सलग’ म्हणवणाऱ्या फितीच्या तळाशी असे हो-नाही आहे!

२०२२ साली अमेरिकेत यावरून मोठा गदारोळ झाला. मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या तबकड्या मूळ फितीवरून निव्वळ ॲनालॉग पद्धतीने होतात असा चोखंदळ श्रोत्यांचा समज होता. त्यांतील अनेकींच्या निर्मितीत मधली एक पायरी डिजिटल असल्याचे उघड झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ग्राहकाला अंधारात ठेवणे गैरच. पण त्याच तबकड्यांच्या ‘ॲनालॉग गोडव्याची’ वाखाणणी आधी होत होती, हेही विसरू नये.

मग फरक आहे तरी कुठे? दोन चकचकीत तबकड्या शेजारी ठेवू : १९७८ साली अमेरिकेत विक्रीस आलेली लेसरडिस्क आणि सीडी. दोन्हींवर सूक्ष्म खळगे आणि दोन्ही लेसरने वाचल्या जातात. तरी लेसरडिस्कवरील चित्र ॲनालॉग असते, कारण तिथे खळग्यांची लांबी हवी तशी, सलग बदलू शकते. सीडीवर मात्र नऊच लांब्या मान्य आहेत. सीडीवरून परतणारा प्रकाशही हळूहळूच कमीजास्त होतो, त्यातही चौकोनी कोपरे नसतात. पण खळगा किंचित लांब निघाला तर वाचणारे यंत्र त्याला जवळच्या मान्य लांबीत धरते आणि जास्तीचे सोडून देते. लेसरडिस्कचे यंत्र तेवढा फरकही चित्राचाच भाग मानते. म्हणजे भेद खळग्यात नाही, वाचण्याच्या करारात आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. दहा मुलांची एक रांग करा. पहिल्याने ८ सेंमीची रेघ पाहून नुसत्या अंदाजाने तशीच रेघ काढावी, दुसऱ्याने पहिल्याची पाहून, असे शेवटपर्यंत. दुसऱ्या रांगेला सांगा की रेघ ४, ८, १२ किंवा १६ सेंमीचीच असू शकते. समोरची यांपैकी कोणती ते आधी ठरवा, मग तीच अंदाजाने काढा. पहिल्या रांगेत चुका साचत जातील. कॅसेटवरून कॅसेट उतरवताना हेच व्हायचे. दुसरीत बहुधा दहाव्या मुलापर्यंत ८ सेंमीच पोचेल. मात्र एखाद्याने १० सेंमीहून लांब रेघ काढली, तर पुढचे सर्व जण निःशंकपणे १२ च धरतील. त्यासाठीच सीडीवर मूळ मापांबरोबर चुका ओळखून दुरुस्त करण्यापुरते जादा आकडे कोरलेले असतात.