विद्यापीठातील ख्रिस्तपुराण : इतिहास आणि धर्म यांची फारकत

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचे नाव ऐकले नाही असा मराठी ख्रिस्ती उपदेशक विरळाच. परंतु हा ग्रंथ आज कोण वाचतो व कोणत्या दृष्टीने वाचतो, हा प्रश्न अडचणीचा आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागात बहुधा त्यातील मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्यांपुरताच विचार होतो. इतिहास विभागात गोव्यातील पोर्तुगीज अंमल व इन्क्विझिशन यांचा अभ्यास होतो, पण पुराण क्वचितच उघडले जाते. आमच्या सेमिनरींत देशी वेषातील सुवार्तेचा आदर्श म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तेथेच विषय संपतो. ही तिन्ही वाचने अपुरी आहेत, आणि इतिहास व धर्म या दोन विषयांची फारकत हेच त्यांच्या अपुरेपणाचे कारण आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम स्टीफन्स यांच्या एका पत्राचाच दाखला घेऊ. ते 1579 मध्ये गोव्यात आले. जुलै 1583 मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी आपल्या भावास जे पत्र लिहिले, त्यात या हत्येचा वृत्तांत आहे, आणि येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे हे प्रसिद्ध निरीक्षणही आहे. भाषाशास्त्रज्ञ एक भाग उद्धृत करतात, ख्रिस्तसभेचे इतिहासकार दुसरा. या हत्येपूर्वी, 1567 मध्ये, साष्टीतील देवळे पाडली गेली होती, आणि हत्येनंतर गावच्या प्रमुखांना देहान्त शासन झाले, हे मात्र दोघेही पुष्कळदा तळटीपेवर सोडतात. पत्र एकाच हाताने लिहिलेले आहे. ते दोन तुकड्यांत वाचण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आता पुराणाकडे वळू. आरंभीच कवीने एक प्रसंग घातला आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण धर्मगुरूस विचारतो की, आमची जुनी पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही का देत नाही? हा प्रसंग घडलेला असो वा कवीने योजिलेला असो. तो ग्रंथाच्या दारातच उभा आहे. ज्याला बंदीचा इतिहास ठाऊक नाही, त्याला ही केवळ काव्याची प्रस्तावना वाटेल. ज्याला तो ठाऊक आहे, त्याला या प्रश्नात एका समाजाचे रितेपण ऐकू येईल. पुराणाचा साज ही निव्वळ उदार मनाची निवड नव्हती. हिरावून घेतलेल्या वस्तूची ती भरपाईही होती. 1616 मध्ये राशोल येथे ग्रंथ छापला गेला, तेव्हा त्यास इन्क्विझिशनचीही अनुमती घ्यावी लागली होती. देशीकरणाचा नमुना म्हणून व्यासपीठावरून या ग्रंथाचे नाव घेताना आम्ही हे सांगितले पाहिजे.

परंतु केवळ सत्तेचा इतिहास जाणणारा वाचकही येथे ठेचकाळतो. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्याचे 36 अवस्वरू जुन्या कराराला वाहिलेले आहेत. दुसऱ्याच्या 59 अवस्वरूंत ख्रिस्तचरित्र येते. धर्मांतर हाच एकमेव हेतू होता असे मानणाऱ्यास पहिला भाग पाल्हाळ वाटेल. तारणाचा इतिहास ही कल्पना ज्यास अवगत आहे, त्यास मात्र त्याचे प्रयोजन कळेल. देवाचे वचन आधी आणि त्याची पूर्ती नंतर, हा पवित्र शास्त्राचा क्रम आहे. शिवाय ज्यांची सृष्टिकथा व पूर्वजकथा सुटली होती, त्यांना कवी आदामापासूनची वंशकथा देत होता. सिद्धान्त कळल्यावाचून येथे इतिहासही कळत नाही.

पाठचिकित्सेतही हीच अडचण येते. 1907 मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी रोमी लिपीत काढलेल्या आवृत्तीत पोर्तुगीज धर्मसंज्ञा विपुल आहेत. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात त्यांच्या जागी संस्कृतप्रचुर संज्ञा दिसतात. मूळ पाठ कोणता, याविषयी मतभेद आहेत. परक्या भाषेतील संज्ञा तशीच ठेवण्यामागे सिद्धान्ताच्या शुद्धतेची कोणती काळजी होती, आणि संस्कृत शब्द योजण्यात कोणते साहस होते, हे ज्यास समजत नाही, त्याने केवळ व्याकरणाच्या बळावर निवाडा करू नये.

सरकारी विद्यापीठात धर्म शिकविणे घटनाबाह्य ठरेल, असा आक्षेप येईल. पूर्णतः सरकारी निधीतून चालणाऱ्या संस्थांत धर्मोपदेश देण्यास घटनेच्या 28 व्या अनुच्छेदाने मनाई आहे, हे खरे. परंतु कोठारी आयोगाने (1964–66) धर्मोपदेश आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट भेद केला. अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाविषयीच्या 1971 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयानेही गुरू नानकांचे जीवन व शिकवण यांचा विद्याविषयक अभ्यास म्हणजे धर्मोपदेश नव्हे, असे मानले. तेव्हा कायद्याची आडकाठी नाही. आहे ती आमच्या सवयीची.

सेमिनरींची भीती निराळी आहे. इतिहास फार खोल उकरला तर श्रद्धा डळमळेल, असे आमच्यापैकी अनेकांस वाटते. अ. का. प्रियोळकर यांनी भारतीय मुद्रणाचा इतिहास (1958) लिहिताना मिशनऱ्यांच्या छापखान्यांचे ऋण मान्य केले, आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचा इतिहासही (1961) लिहिला. एकाच अभ्यासकास दोन्ही पेलले. पेत्राचा नकार न लपविणाऱ्या शुभवर्तमानाच्या सेवकांना ते पेलू नये काय?

म्हणून धर्मगुरू, पाळक व धर्मशिक्षक यांना एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी मंडळीपुढे ख्रिस्तपुराण वाचाल, तेव्हा मराठीच्या स्तुतीपाशी थांबू नका. त्या ब्राह्मणाचा प्रश्नही वाचा, आणि तो विचारण्याची वेळ त्याच्यावर का आली, तेही सांगा.