विचारायचं कोणी, आणि कोणाला?

अतुल गवांदे यांचं ‘बीइंग मॉर्टल’ २०१४ साली आलं. म्हातारपण आणि मरण या विषयावर काय वाचावं असं कोणी विचारलं, की आजही बहुतेकदा याच पुस्तकाचं नाव निघतं. लेखक बॉस्टनमधले सर्जन, पण पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक मराठी म्हातारा भेटतो: महाराष्ट्रातल्या उटी गावचे त्यांचे आजोबा, सीताराम गवांदे. ते जवळपास ११० वर्षं जगले. शंभरी ओलांडल्यावरही रात्री घोड्यावर बसून शेतावर फेरी मारायचे. अमेरिकेत असते तर डॉक्टरांनी त्यांना कधीच नर्सिंग होममध्ये धाडलं असतं, असं नातू म्हणतो.

हे चित्र सुंदर आहे, आणि गवांदे त्यात रमत नाहीत हे त्यांचं मोठेपण. एकत्र कुटुंब मोडलं ते फक्त मुलांमुळे नाही, म्हाताऱ्यांनाही स्वतंत्र राहायला आवडतं, हे ते स्पष्ट सांगतात. मला खटकलं ते वेगळंच. त्या आजोबांचं ताट वाढणाऱ्या, अंथरूण घालणाऱ्या बायका त्या पानांवर मला दिसल्या नाहीत. उटीतलं म्हातारपण ज्यांच्या कष्टांवर उभं होतं, त्यांना काय वाटत होतं हे पुस्तक विचारत नाही. एरवी मात्र ‘विचारणं’ हाच या पुस्तकाचा गाभा आहे.

गवांदे यांचं म्हणणं थोडक्यात असं. बऱ्या न होणाऱ्या माणसावर पुढचा उपचार लादण्याआधी त्याला विचारा: तुला आजाराबद्दल काय कळलंय, भीती कसली वाटते, काय मिळणार असेल तर किती सोसायची तयारी आहे? पॅलिएटिव्ह केअरच्या तज्ज्ञ सुझन ब्लॉक यांच्या वडिलांचा प्रसंग यासाठी ते देतात. मानेच्या ऑपरेशनआधी मुलीने विचारलं, तेव्हा चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तर मी जगायला तयार आहे, असं वडिलांनी सांगितलं. ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला, मिनिटांत निर्णय घ्यायची वेळ आली, आणि मुलीला तेवढ्या उत्तराचा आधार पुरला. त्यानंतर ते दहा वर्षं जगले.

हा प्रसंग वाचून गलबलतं. पण तो आपल्याकडे घडवून बघा. आपल्याकडे डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि मुलाला बाहेर बोलावतात. ‘त्यांना काही सांगू नका, धीर सोडतील,’ असं कॉरिडॉरमध्ये ठरतं. पुस्तकातला प्रश्न ‘तुम्हाला काय हवंय?’ असा असतो, आपल्याकडे तो ‘तुमचं काय ठरलंय?’ असा होतो, आणि तो बिल भरणाऱ्याला विचारला जातो. पेशंटला विचारत नाहीत, आणि रात्री उठून त्याला कुशीवर वळवणाऱ्या सुनेलाही नाही. यात क्रूरपणा नाही, बहुतेक वेळा माया असते. पण त्या मायेत माणूस आपल्याच मरणाच्या चर्चेतून वगळला जातो.

कायदा यापुढे गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २०२३ मध्ये ती अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरवला. त्या कागदात आपल्या वतीने संमती देणाऱ्या जवळच्या माणसांची नावं लिहायची असतात. म्हणजे गाडी पुन्हा तिथेच येते. ज्याच्याशी कधी या विषयावर बोललोच नाही, त्याचं नाव लिहून काय साधणार?

आणखी एक गोष्ट पुस्तक गृहीत धरतं: वेदना थांबवण्याची सोय. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळणं इतकं अवघड केलं, की २०१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली. दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला ‘तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे?’ विचारणं ही थट्टाच. केरळमध्ये शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन हे काम उभं केलं. या विषयावर भारतीय पुस्तक लिहिलं गेलं, तर त्याची सुरुवात कदाचित तिथून व्हावी.

पुढच्या काळाचं म्हणाल, तर मी ज्या क्षेत्रात काम करतो ते इथेही पोचलं आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हॉस्पिटलमधल्या नोंदींवरून पुढच्या ३ ते १२ महिन्यांत कोणाचा मृत्यू संभवतो याचा अंदाज बांधणारं मॉडेल तयार केलं. हेतू चांगला होता: पॅलिएटिव्ह केअरची गरज असलेले पेशंट वेळेत सापडावेत. असं मॉडेल आपल्याकडे आलं तर तो आकडा आधी कोणाच्या हातात पडेल? मला भीती वाटते, पुन्हा कॉरिडॉरमध्येच. कोणाशी बोलायची वेळ झाली आहे हे मशीन सांगू शकतं. बोलायचं कसं, हे मात्र त्या नोंदींत कुठेच नसतं.

म्हणून पुस्तकातला सगळ्यात खरा भाग मला शेवटचा वाटतो, लेखकाच्या वडिलांचा. आत्माराम गवांदे स्वतः सर्जन, बायको डॉक्टर, मुलगा डॉक्टर. पाठीच्या कण्यात ट्यूमर निघाला, आणि तीन डॉक्टरांच्या घरातही काय बोलावं ते कोणाला सुचेना. शेवटी मुलाने धीर करून विचारलं, वडिलांनी सांगितलं. २०११ मध्ये ते गेले.

तीन डॉक्टरांना जे जड गेलं, ते आपल्याला सोपं जाणार नाही. आज तिशीच्या आत असलेले आपण आणखी दहा-वीस वर्षांनी त्या कॉरिडॉरमध्ये उभे असणार, काही जण तर दुसऱ्या देशातून व्हिडिओ कॉलवर. ‘बीइंग मॉर्टल’ वाचावं ते आत्ता, आईबाबांची तब्येत ठणठणीत असताना. त्यातले प्रश्न त्यांना विचारावेत, आणि उत्तरं ऐकायला भावंडांबरोबर पुढे ज्या बाईवर सेवा पडणार आहे तिलाही बसवावं. तिचंही उत्तर घ्यावं. गवांदेंच्या पुस्तकात एवढीच भर आपल्याला घालावी लागेल.