जिवाणूंतील न्यूक्लिक आम्लांचे संश्लेषण आणि ब गटातील जीवनसत्त्वे : एका प्रचलित मांडणीची समीक्षा

‘ब गटातील जीवनसत्त्वे न्यूक्लिक आम्लांच्या निर्मितीस आवश्यक असतात’ हे विधान पदवी स्तरावरील अध्यापनात सर्रास केले जाते. ते चुकीचे नाही. मात्र ती कोणास आवश्यक आणि येतात कोठून, हे दोन प्रश्न त्यात गाळले जातात.

या ज्ञानाचा एक धागा मुंबईत सापडतो. ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून हाफकिन संस्थेच्या आश्रयाने गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने (मार्माइटने) तो बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे स्पष्ट झाले. १९४१ मध्ये मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी पालकापासून ते मिळविले, तेव्हा त्याचे मापन जिवाणूच्या वाढीवरूनच केले. हा दुवा अध्यापनात क्वचितच येतो.

फॉलिक आम्लापासून बनणारे टेट्राहायड्रोफोलेट एक-कार्बन गट वाहून नेते. प्युरिन वलयाची घडण आणि थायमिडिलेटची निर्मिती त्यावर अवलंबून असते. मानवास ते आहारातून मिळवावे लागते. एश्चेरिशिया कोलाय मात्र पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लापासून फोलेट स्वतःच बनवितो. त्याच्या दृष्टीने हे ‘जीवनसत्त्व’ नव्हेच! वुड्स यांनी १९४० मध्ये सल्फोनामाइड व हे आम्ल यांतील स्पर्धा दाखविली. औषध जिवाणूस रोखते, रुग्णाच्या पेशींस नाही, याचे कारण येथे आहे. याउलट काही लॅक्टोबॅसिलस जातींना तयार फोलेट लागते. तेव्हा ‘जिवाणूंना’ असे सरसकट अनेकवचन वापरणे शास्त्रीय ठरत नाही.

ब-१२ बाबतही हाच दोष आढळतो. मानवात त्याचा डीएनए-निर्मितीशी संबंध फोलेटच्या द्वारे, म्हणजे अप्रत्यक्ष येतो. लॅक्टोबॅसिलस लाइखमानीत मात्र रायबोन्यूक्लिओटाइडचे क्षपण करणारे विकर थेट ब-१२ चे सहविकर वापरते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. माध्यमात थायमिडीन अधिक असल्यास फोलेट-मार्ग बंद होऊनही अनेक जिवाणू वाढतात. अशा वेळी औषध-संवेदनशीलता चाचणीत सल्फोनामाइड व ट्रायमेथोप्रिमच्या चकतीभोवतीचे क्षेत्र आक्रसते आणि संवेदनशील जिवाणू प्रतिरोधी भासतो. म्हणूनच म्युलर-हिंटन अगारमधील थायमिडीनचे प्रमाण एन्टेरोकोकस फीकॅलिसच्या प्रमाणित वाणाने तपासले जाते. प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र क्षेत्राचा व्यास तेवढा नोंदविला जातो. माध्यमाच्या या तपासणीसाठी रकानाच नसतो.