तीन मतांचा हिशेब

बँकेत दिवसाअखेर रोखीत तीन रुपये कमी भरले, तरी आमचा घास घशाखाली उतरत नाही. जॉर्ज केलेब बिंगहॅम या अमेरिकन चित्रकाराची तर तीन मतं गेली! १८४६ साली मिझूरीच्या विधिमंडळासाठी उभे राहिले, तीन मतांनी जिंकले. प्रतिस्पर्ध्याने तक्रार गुदरली आणि जागा हातची गेली. मी असतो तर पुन्हा निवडणुकीचं नाव काढलं नसतं. यांनी १८४८ साली त्याच गृहस्थाला हरवलं आणि १८५२ मध्ये ‘द काउंटी इलेक्शन’ रंगवलं.

चित्रात नुसती जत्रा! झिंगलेल्या मतदाराला एकजण ओढत आणतोय, खाली दोन पोरं चाकूचा खेळ मांडून बसलीत. पेय ओतणाऱ्या कृष्णवर्णी माणसाला मत नाही; बायका तर औषधालाही नाहीत. आणि फलकावर काय, तर जनतेची इच्छा हाच सर्वोच्च कायदा! टीका की कौतुक? मला वाटतं, दोन्ही. त्या झिंगलेल्यालाही बिंगहॅमनी मन लावूनच रंगवलंय.

पायऱ्यांवर एकजण बायबलवर हात ठेवून शपथ घेतोय. मत तोंडी, साऱ्या गावादेखत. माझी नजर मात्र मागच्या कारकुनांवरून हलत नाही. बोललेलं मत हवेत विरतं, उरतं ते यांच्या वहीत. त्या वहीची बेरीज मला एकदा तपासायची आहे.