डॉक्टरसाहेबांची मुलगी

भीतीच्या बाबतीत आमच्या घरात पहिल्यापासून कामाची वाटणी आहे. झुरळ, पाल वगैरे सजीव सृष्टीला मी घाबरायचं आणि रात्री अकरानंतर वाजणाऱ्या फोनला हिनं. भुताखेतांना मात्र दोघांपैकी कुणीच घाबरत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेला सलग वीस वर्षं हजर राहिल्यावर माणसाला भुतांचं काय वाटणार?

त्यामुळे चार दिवसांसाठी माहेरी आलेली आमची लेक, "बाबा, आज भयपट बघू या," असं म्हणाली तेव्हा मी ऐटीत पाय वर घेऊन बसलो. सिनेमा फ्रेंच होता, १९६० सालचा. इंग्रजीत त्याला 'आइज विदाउट अ फेस' म्हणतात, म्हणजे चेहरा नसलेले डोळे. दिग्दर्शक जॉर्ज फ्रांजू.

"काळापांढरा आहे ना? मग हरकत नाही," असं म्हणून ही उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं मांडीशी घेऊन बसली. रात्री वडे करायचे होते. रक्त लाल दिसणार नसेल तर ते रक्तच नव्हे, असा तिचा हिशेब. तो हिशेब किती चुकला ते पुढे येईलच.

सुरुवातीलाच रात्रीच्या रस्त्यावरून एक बाई छोटी मोटार हाकत चालली आहे. मागच्या सीटवर ओव्हरकोट आणि हॅट घातलेलं कुणीतरी आहे, आणि ते धड बसत नाही, कलंडतं. बाई घाबरलेली, मधूनमधून आरशात बघते आहे. आणि पार्श्वसंगीत काय म्हणाल? जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांना शोभेल अशी गिरकी घेणारी चाल! मॉरिस जार या संगीतकाराची. यानंच दोन वर्षांनी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ला संगीत दिलं. ही बाई प्रेत नदीत टाकायला निघाली आहे आणि हा गृहस्थ जत्रा वाजवतो आहे. माझे वर घेतलेले पाय तिथंच खाली आले.

गोष्ट तशी थोडक्यात सांगता येते. जेनेसिए नावाचे पॅरिसमधले बडे शल्यविशारद. मोटार-अपघातात त्यांच्या मुलीचा, क्रिस्तियानचा, चेहरा नाहीसा झालेला. उरले फक्त डोळे. जगाला सांगितलंय की मुलगी मेली. ती मात्र घरातच आहे, पांढरा गुळगुळीत मुखवटा लावून वावरते. घरातले आरसे काढून टाकलेले. डॉक्टरांची मदतनीस लुईझ ही तिच्या वयाच्या, तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुली गोड बोलून घरी आणते. डॉक्टर त्यांचा चेहरा काढतात आणि लेकीला लावतात.

आपल्या हिंदी सिनेमात असा डॉक्टर असता तर त्याचे केस उभे राहिले असते, काचेच्या नळ्यांतून धूर निघाला असता आणि त्यानं निदान तीनदा तरी छताकडे बघून हास्य केलं असतं. पिएर ब्रासरनं उभा केलेला हा डॉक्टर एकदाही हसत नाही. रुग्णालयात एका लहान मुलाला तपासतो तेव्हा तर इतका हळुवार, की आपणही याच्याकडेच जावं असं वाटतं. हा वेडा नाही हो, हा थकलेला आहे. ऑफिसचं काम घरी आणणाऱ्या माणसासारखा.

मग ती शस्त्रक्रिया. फ्रांजूच्या निर्मात्यानं म्हणे आधीच बजावलं होतं: फ्रेंच सेन्सॉरला रक्त चालत नाही, इंग्रजांना प्राण्यांचा छळ चालत नाही आणि जर्मनांना वेडे डॉक्टर चालत नाहीत. आता वेड्या डॉक्टरच्या सिनेमात मग उरलं काय? फ्रांजूनं काय केलं, तर संगीत बंद केलं. पेन्सिलीनं चेहऱ्याभोवती आखलेली रेघ, तिच्यावरून सावकाश फिरणारी सुरी, कपाळावरचा घाम टिपणारी लुईझ. आणि मग, साल सुटावी तसा...

हिच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता. तिनं तो हळूच पातेल्यात ठेवला आणि पातेलं टीपॉयखाली सरकवलं. एडिंबरोच्या महोत्सवात हा प्रसंग बघून सात जण बेशुद्ध पडले असं सांगतात. त्यांच्यासमोर बटाटे नव्हते, हे लक्षात घ्यावं.

पण मला विचाराल तर त्याहून भयंकर पुढचंच आहे. लावलेला चेहरा शरीर नाकारतं. ते दाखवताना फ्रांजूनं नुसते फोटो एकामागून एक ठेवले आहेत आणि डॉक्टर कोरड्या आवाजात तारीखवार नोंद वाचत जातात. डाग, मग गाठी, मग सडणं. पोरीच्या चेहऱ्याची केस-फाइल झालेली! तसं त्यांचं शास्त्र अगदीच हवेतलं नव्हतं. २००५ साली फ्रान्समध्येच, आमियाँ शहरात, एका बाईला मृत दात्याचा अर्धा चेहरा खरोखर बसवला गेला, आणि शरीरानं तो नाकारू नये म्हणून तिला पुढे कायम औषधं घ्यावी लागली. त्या बाईचा चेहरा तिच्या पाळीव कुत्र्यानं फाडला होता. सिनेमातल्या डॉक्टरांच्या तळघरातही प्रयोगासाठी डांबलेले कुत्रे आहेत आणि शेवटी ते डॉक्टरांच्याच चेहऱ्याचा समाचार घेतात. काही योगायोग कथालेखकानं लिहिले तर आपण त्याला नावं ठेवू.

दोष नाहीत असं नाही. पोलिसांचा भाग अगदीच फुसका. दुकानात चोरी करताना सापडलेल्या एका पोरीला आमिष म्हणून रुग्णालयात धाडतात, आणि डॉक्टरांनी "तिला कधीच घरी सोडलं" म्हटल्यावर "बरं" म्हणून परत जातात. आमच्या चौकीवर सायकल हरवल्याची तक्रार द्यायला गेलो होतो, तेव्हासुद्धा याहून जास्त प्रश्न विचारले होते.

पण मुखवट्याआडून नुसत्या डोळ्यांनी बोलणारी एडिथ स्कोब हे सगळं विसरायला लावते. तिला चेहरा हवाय का, हे बाप एकदाही विचारत नाही. आणि मध्येच कुठेतरी ती लुईझला सांगते की अपघाताच्या वेळी गाडी वडीलच हाकत होते. वेड्यासारखी.

इथं मला एकाएकी तहान लागली. पाणी पिऊन आलो, तरी पुन्हा लागली.

त्याचं असं आहे की १९९४ च्या पावसाळ्यात आमची लेक दुसरीत होती. ती स्कूटरवर पुढे उभी, मला उशीर झालेला, वळणावर वाळू. तिच्या हनुवटीला सात टाके पडले. मला खरचटलंसुद्धा नाही. त्यानंतर पंधरा वर्षं मी त्या खुणेमागे लागलो होतो. चंदन उगाळलं, मलमं आणली, कुणी सांगितली म्हणून कसली कसली तेलं आणली. पोरगी निमूट लावून घेई. पुढे स्थळं बघायची वेळ आली तेव्हा फोटोवाल्याला वीस रुपये जास्त देऊन मी ती खूण पुसून घेतली. पाकीट उघडून तिनं फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "बाबा, ही कोण?"

मला वाटलं, थट्टा करते आहे.

सिनेमा संपला. क्रिस्तियान पिंजरे उघडते, कबुतरं सोडते आणि हातावर एक कबुतर घेऊन अंधारात झाडांमध्ये चालत निघून जाते. मुखवटा तसाच. दिवा कुणीच लावला नाही.

"आवडला?" लेकीनं विचारलं.

"चांगला होता," मी म्हणालो. "डॉक्टर जरा..."

"जरा काय?"

"तो गाडी जरा हळू चालवता तर."

ती काही बोलली नाही. हनुवटीवरून बोट फिरवायची तिची लहानपणापासूनची सवय आहे, तेवढं तिनं केलं. मग टीपॉयखालचं पातेलं ओढून म्हणाली, "आई, हे सोलू का मी?"

"नको!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

त्या रात्री वडे झाले नाहीत. बटाट्याची भाजी झाली, सालासकट.